रस्त्याची उंची

रस्ता म्हटला की आपण आधी रुंदी विचारतो. धारावीत साठ फुटी आणि नव्वद फुटी रस्ते आहेत, सांगलीत शंभर फुटी आहे. पत्ता सांगतानाही आकडाच पुढे येतो. नगरपालिकेच्या सभेत खडाजंगी होते ती रुंदीवरून, विकास आराखड्यावर रेघ पडते ती रुंदीची, आणि घराचा ओटा जातो तोही रुंदीकरणात. रस्ता किती उंचीवर आहे, हे कोणी विचारत नाही. माझे म्हणणे असे, की गावातल्या रस्त्याचे बरेवाईट आधी त्याच्या उंचीवरून ठरते, रुंदीचा नंबर नंतर लागतो. सपाट गावात हे पटवायला वेळ लागतो. पाचगणीत जमीनच ते दाखवते, म्हणून पाचगणीचेच उदाहरण घेऊ.

वर टेबल लँडचे जांभ्याचे पठार, खाली कृष्णेचे खोरे आणि धोम धरणाचे पाणी, आणि मधल्या उतारावर गाव. १८६०च्या दशकात जॉन चेसन या इंग्रजाने रुस्तमजी दुबाश यांच्या सोबतीने हा डोंगर हिंडून दांडेघर, गोदवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधली ही जागा निवडली. निवडीचे मोठे कारण पाऊस. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथून पूर्वेला वीसेक किलोमीटरवर पाचगणीत त्याच्या साधारण तिसरा हिस्सा. साहेबाला बारमाही राहण्याजोगे ठिकाण हवे होते, ते मिळाले. पण तिसरा हिस्सा म्हणजे तरी किती? पुरुषभर उंचीचे पाणी, तेही बहुतेक चार महिन्यांत. शिवाय जांभा सच्छिद्र. पठारावर पडलेले पाणी सगळे वरून वाहून जात नाही. काही मुरते, खालच्या काळ्या कातळाला अडते आणि उताराच्या अंगाने बाहेर येते. म्हणजे अशा उतारावरच्या रस्त्याला पाणी वरूनही भेटते आणि पोटातूनही. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी एखाद्या वळणावर डांबर ओलेच दिसते, त्याचे कारण बहुधा हे.

आता हे पाणी रस्त्यावर कसे चालते ते पाहू. सात मीटर रुंदीचा डांबरी रस्ता धरा. त्याचा मध्य कडांपेक्षा थोडा उंच ठेवतात. हा आडवा उतार शेकडा अडीच असला, तर मध्य आणि कड यांच्या उंचीत जेमतेम नऊ सेंटिमीटरचा फरक पडतो. चार बोटांपेक्षा थोडा जास्त. एवढ्या फरकावर रस्त्याचे आयुष्य अवलंबून असते. सपाटीवर हे पाणी सरळ गटारात जाते. डोंगरात रस्त्याला लांबीचाही चढ असतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांप्रमाणे डोंगरी रस्त्याला साधारण वीस मीटरला एक मीटर, म्हणजे शेकडा पाच चढ चालतो. मग पाण्याला दोन ओढी लागतात: आडवी अडीचची, उभी पाचची. ते तिरके धावते. कडेपर्यंतचे साडेतीन मीटर कापायला त्याला सात मीटर उतारावर जावे लागते. तेवढे चालते.

पण आडवा उतार अडीचवरून एकावर आला तर? गणित तेच, उत्तर निराळे: कड गाठेपर्यंत पाणी साडेसतरा मीटर रस्त्यावरूनच वाहते. वाटेत आणखी पाणी येऊन मिळते, वेग वाढतो, खडी सुटते, खड्डा पडतो, आणि खड्डा पुढच्या पाण्याला वळण देतो. रस्ता दिसायला अगदी तसाच असतो. रुंदी सात मीटर, डांबर कोरे करकरीत, फीत कापून झालेली. बिघडली असते फक्त मधली पाच सेंटिमीटर उंची, आणि ती उद्घाटनाच्या फोटोत दिसत नाही.

रस्त्याची उंची बिघडते कशी? वाईट हेतूने नाही, दुरुस्तीने. आपल्याकडची रूढ पद्धत अशी, की जुन्या रस्त्यावर नवा थर चढवायचा: पन्नास मिलिमीटर खडी-डांबर, त्यावर वीस मिलिमीटर कार्पेट, वर सीलकोट. एका खेपेला सात सेंटिमीटर. पदपथाचा दगड रस्त्यापासून पंधरा सेंटिमीटरपेक्षा उंच नसावा, असे मानक सांगते. म्हणजे अशा तीन खेपा झाल्या की रस्ता पदपथाच्या वर जातो. पदपथ गेला कुठे, असे आपण विचारतो. तो जिथे होता तिथेच आहे, रस्ता त्याच्यावरून चढून गेला. मग पदपथ उंच करायचे टेंडर निघते. त्यानंतर गटाराच्या भिंती उंच होतात, त्यावरच्या झाकण्या उंच होतात, आणि शेवटी घरमालक उंबऱ्यापुढे सिमेंटचा बंधारा घालतो. मुंबईच्या जुन्या वस्त्यांत काँक्रीटीकरणानंतर इमारतींची आवारे रस्त्याच्या खाली गेली, ती याच वाटेने. तिथे पाऊस आता आधी घरात येतो. डांबर निदान खरवडता येते. काँक्रीट ज्या पातळीला घातले ती पातळी पुढची पंचवीस-तीस वर्षे गावाच्या बोकांडी बसते. 'खड्डेमुक्त' म्हणून काँक्रीट मागणाऱ्या नगरसेवकाने हा एक प्रश्न अभियंत्याला विचारावा: कोणत्या लेव्हलला?

पण अभियंत्याला तरी हे कळत नाही का? चांगले कळते. अडचण त्याच्या कागदात आहे. वरच्या थराचे प्राकलन चौरस मीटरमध्ये होते. माप पुस्तिकेत लांबी, रुंदी लिहायची, गुणाकार करायचा, बिल काढायचे. थर चढवल्याचे पैसे मिळतात. थर चढवूनही रस्ता पूर्वीच्याच उंचीवर राखल्याचे मिळत नाहीत. आधी खरवडायचे तर तो वेगळा खर्च, आणि ज्याच्या खर्चातून डोळ्यांना काहीच वाढलेले दिसत नाही, तो मंजुरीत पहिल्यांदा छाटला जातो. गवंडी मात्र ही चूक करत नाही. पारदर्शक नळीत पाणी भरून तो घराच्या चारी कोपऱ्यांना एक रेघ मारतो आणि मगच पहिली वीट लावतो. गावाच्या रस्त्यांना अशी रेघ कोणी मारलेली नसते.

त्यात रस्ता एकाचा नाही. पाचगणीतून जाणारा वाई-महाबळेश्वर रस्ता राज्याचा, त्याला फुटणाऱ्या गल्ल्या गिरिस्थान नगरपरिषदेच्या. पाण्याची नळी, विजेची केबल, फोनची केबल यांचे धनी आणखी वेगळे. राज्याने आपल्या रस्त्यावर थर चढवला की गल्लीच्या तोंडाशी उंचवटा तयार होतो आणि गल्लीचे पाणी अडते. दोष कोणाचा? कागदोपत्री कोणाचाच नाही. प्रत्येकाचे काम मंजूर, मोजलेले, पूर्ण. म्हणून शहराचे रस्ते सांभाळणे हे मला नकाशे काढण्यापेक्षा एक आकडा सगळ्यांच्या गळी उतरवण्याचे काम वाटते. चौकाचौकांत रस्त्याची, गटाराच्या तळाची, पदपथाची उंची एका पक्क्या बेंचमार्कपासून मोजून ठेवायची, आणि जो कोणी खोदेल वा भरेल त्याला ती बंधनकारक करायची.

हे अगदीच पुस्तकी वाटत असेल तर शिकागोकडे पाहावे. तळ्याकाठचे, दलदलीतले, सपाट शहर. सांडपाण्याला उतारच मिळेना. १८५५ साली तिथे नेमलेल्या एलिस चेसब्रो या अभियंत्याने गटारे जमिनीखाली खोल न नेता जवळजवळ जमिनीवरच घालायची आणि रस्ता भरून त्यांच्या वर न्यायचा, असे ठरवले. शहराने रस्त्यांची नवी उंची जाहीर केली. मग घरांचे काय? घरे उचलली. स्क्रूजॅक लावून विटांच्या इमारती वर घेतल्या. १८६१ मध्ये ट्रेमाँट हाऊस हे हॉटेल असेच उचलले गेले. म्हणजे चेसन पाचगणीत सिल्व्हर ओक लावत होता, त्याच सुमारास तिकडे एक गाव आधी उंची ठरवून मग बाकी सगळे तिच्याशी जुळवून घेत होते. आपण उलटे करतो: बाकी सगळे करतो, आणि उंची जी उरेल ती.

पाचगणीला रुंदीची वाट तशीही अरुंद आहे. १७ जानेवारी २००१ पासून महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. झाड तोडणे, उतार पोखरणे यांवर बंधने आली, आणि ती आली हे बरेच झाले. सुटीच्या दिवसांतली मोटारींची रांग पाहून कोणाला आणखी दोन मीटर हवेसे वाटतात, पण ते दोन मीटर डोंगर कापून काढायचे, तर वरच्या अंगाला मुरलेल्या पाण्याचे तोंड उघडे पडणार. त्यापेक्षा आहे त्या रुंदीत रस्ता खरवडून खाली आणला, डोंगराच्या बाजूचे गटार मोकळे केले, तर पाणी जागेवर येते आणि पदपथही परत सापडतो.

मात्र रस्ता खाली आणला की दुकानदार ओरडणार, आणि त्याचे खोटे नाही. वाढत्या रस्त्याशी जुळवून त्याने फरशी उंच केलेली असते. आता त्याच्या दारात वीस सेंटिमीटरची खाच पडणार. तो पायरी बांधणार, ती पदपथावर येणार, आणि अतिक्रमणाची नोटीस त्यालाच निघणार. ही पायरी दुकानाच्या आत घ्यायची की बाहेर, आणि तिचे पैसे कोणी द्यायचे, हे थर खरवडण्याच्या प्राकलनातच लिहिलेले असले पाहिजे. पुढच्या बांधकामांसाठी एक साधी दुरुस्ती पुरेल. बांधकाम परवान्यात जोत्याची उंची भोवतालच्या जमिनीपासून मोजतात, आणि भोवतालची जमीन म्हणजे तर दर काही वर्षांनी सात सेंटिमीटर वाढणारी वस्तू. जोत्याच्या दाखल्यावर तीच उंची बेंचमार्कपासून लिहिली, तर रस्ता वर सरकल्यावर घरमालकाला नगरपरिषदेच्या टेबलावर ठेवायला निदान नगरपरिषदेचाच शिक्का असलेला एक आकडा मिळेल.