छत्री आणि चेहरा

‘मिरॅक्युलस’ या 2015 साली सुरू झालेल्या अॅनिमेटेड मालिकेतली मॅरिनेट एड्रियनवर जीव टाकते आणि मुखवट्याआडच्या कॅट न्वारला नाकारते. एड्रियन आणि कॅट न्वार एकच, हे तिला ठाऊक नसते. मग तिचे प्रेम नेमके कुणावर? आत्म्यासाठीच सारे प्रिय होते, असे उपनिषदात याज्ञवल्क्यांनी पत्नी मैत्रेयीला सांगितले. त्या कसोटीवर हे प्रेम नामरूपात अडकलेले ठरते. पण ते जडले पावसात एड्रियनने पुढे केलेल्या छत्रीमुळे, म्हणजे कृतीमुळे. घोटाळा नंतरचा: छत्री मागे पडते, भिंतीवर त्याचे फोटो चढतात.

चेहऱ्याविना नुसती कृती पोचते का? 17 एप्रिल 2021 ला वांगणी स्थानकात रुळांवर पडलेल्या मुलाला पॉइंट्समन मयूर शेळके यांनी भरधाव गाडीसमोरून उचलले. बक्षिसाच्या 50,000 रुपयांतले निम्मे त्याच कुटुंबाला देऊ केले. मुलाची आई दृष्टिहीन. तिच्यापुढे त्यांचे रूप नव्हतेच, होती ती कृती. कुणी म्हणेल, कृतज्ञता वेगळी, कोवळ्या वयातली ओढ वेगळी. चेहऱ्यावाचून ओढ लागेल कशी? वेगळी आहे, हे मान्यच. पण याच वांगणीत कितीतरी दृष्टिहीन जोडपी संसार करतात. त्यांची ओढ आवाजातून, स्पर्शातून, सोबतीतून लागते, आणि ती कमअस्सल आहे असे म्हणण्याचा अधिकार डोळसांना कुणी दिला?