यंदा दसरा कितीला?

पोळा आटोपला की नागपुरात हा प्रश्न सुरू होतो. दीक्षाभूमीला येणारे पाहुणे गावाहून फोनवर विचारतात, मंडपवाला विचारतो, भोजनदानाचा स्टॉल लावणारी वस्तीतली पोरं विचारतात. प्रश्न साधाच आहे. पण आपण दिवस लक्षात कसे ठेवत आलो, त्याची सगळी गोष्ट मला त्यात दिसते. दसरा ही तिथी आणि 'कितीला' ही तारीख. दिवस कोणता ते विचारणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. यंदा तो कुठे सापडेल, एवढंच त्याला हवं असतं.

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे 'कालनिर्णय' टांगलेलं असायचं. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये ते काढलं आणि पंचांग व दिनदर्शिका एकाच पानावर आणली. ठळक आकड्यात तारीख, खाली बारीक अक्षरात तिथी. आई तारखेच्या चौकोनात दुधाचा रतीब आणि सिलिंडर लागल्याचा दिवस लिहायची. आजोबांच्या श्राद्धाची खूण मात्र ती तिथीच्या ओळीवर करायची. पगार तारखेला आणि पितर तिथीला, अशी घरातल्या काळाची वाटणी होती. शहराच्या काळाचीही अशीच वाटणी असते, हे फार पुढे लक्षात आलं. नागपुरात ती पोळ्यापासून दसऱ्यापर्यंतच्या सव्वा महिन्यात जितकी स्पष्ट दिसते तितकी मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपदाच्या पाडव्याला, मारबती निघतात. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. बांबूच्या कामट्या आणि कागद यांच्या या थोरल्या बायका इतवारीच्या गल्ल्यांतून निघाल्या की दोन्ही बाजूंचे सज्जे माणसांनी भरून जातात. पिवळी जवळ आली की बायका लेकरांना वर उचलून तिच्या पायाला लावतात. काळीच्या वाट्याला मात्र शिव्याशापच येतात. मागून बडगे, म्हणजे लहानमोठे पुतळे, येतात. त्यांच्या गळ्यातल्या पाट्यांवर त्या वर्षीची पीडा लिहिलेली असते: महागाई, साथीचा रोग, एखादा घोटाळा. 'घेऊन जा गे मारबत' हा पुकारा तेवढा दरवर्षी तोच. नेहरू पुतळ्याजवळ दोघींची भेट होते तेव्हा गर्दीतून जो आवाज उठतो, तो छातीत जाणवतो.

काळी मारबत म्हणजे भोसले घराण्यातली बाकाबाई, असं नागपूरकर पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. १८५७ च्या उठावात ती इंग्रजांच्या बाजूला राहिली, हा तिच्यावरचा आळ. या मिरवणुकीत कुणी साल सांगत नाही, कुणी भाषण करत नाही, तरी राज्य बुडाल्याची सल दरवर्षी रस्त्यावर येते. इतिहास लक्षात ठेवण्याची ही पहिली रीत. यात सनावळी नसते. ऋतू फिरून आला की आठवण आपोआप येते, भादव्याच्या दमट हवेसारखी.

या रीतीतला अन्यायही मला दिसतो. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि पुढच्याच वर्षी डलहौसीने नागपूर खालसा केलं. भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर मातीमोल भावाने विकले गेले, जडजवाहीर कलकत्त्याला लिलावात गेलं. वाड्यातल्या सामानाला हात लावाल तर वाडाच पेटवून देईन, असं म्हाताऱ्या बाकाबाईने तेव्हा बजावलं होतं, ही नोंद इंग्रज इतिहासकार जॉन विल्यम के यांनीच केली आहे. ही बाकाबाई मारबतीत नाही. तिथीने जपलेली आठवण धारदार असते, पण ती माणसाची एकच बाजू घेऊन चालते. दुसरी बाजू शोधायची तर कागदाकडे जावं लागतं, आणि कागद आला की तारीख आली.

त्याआधी हाडपक्या गणपतीबद्दल सांगायला हवं. भोसल्यांचे चिमणाबापू बंगालच्या मोहिमेवरून परतले तेव्हा गणपती विसर्जन होऊन गेलं होतं. म्हणून त्यांनी पितृपक्षात पुन्हा गणपती बसवला, अशी नागपूरच्या महाल भागातली कथा आहे. पितृपक्षाला आमच्याकडे हाडपक म्हणतात. शुभकार्याला टाळायचे ते दिवस, आणि नेमक्या त्यांतच हास्यविनोदाचा, नकलांचा मस्कऱ्या गणपती. वेळ टळली म्हणून आठवण टाळायची नाही, ही समजूत या शहराकडे फार जुन्या काळापासून आहे. मला ती महत्त्वाची वाटते.

तारीख नागपुरात कचेरीतून आली. कोर्टाच्या पेशीला, शाळेच्या हजेरीला, १८६७ मध्ये इथवर पोचलेल्या आगगाडीला तिथी चालत नव्हती. सुरुवातीला ती राज्यकर्त्यांची होती. तिला लोकांनी आपलंसं केलं ते राजकारणात. गांधीजींना १८ मार्च १९२२ ला शिक्षा झाली आणि पुढे दर महिन्याची १८ तारीख 'गांधी दिन' म्हणून पाळली जाऊ लागली. दर महिन्याला संकष्टी आणि एकादशी करणाऱ्या समाजाने तारखेलाच व्रताचं रूप दिलं, असं मला याबद्दल वाटतं. दुसऱ्या वर्षी १ मे १९२३ ला नागपुरात झेंडा सत्याग्रह उभा राहिला. तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये जायला बंदी होती, आणि रोज नवी तुकडी झेंडा घेऊन निघायची व पकडली जायची. आधी जमनालाल बजाजांनी, त्यांना अटक झाल्यावर वल्लभभाई पटेलांनी तो चालवला. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले दीड हजारांहून अधिक सत्याग्रही तुरुंगात गेले. शेवटी बंदी असलेल्या त्याच रस्त्याने झेंड्याची मिरवणूक गेली, तो दिवस होता १८ ऑगस्ट.

हे तिथीने साधलं नसतं. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. प्रत्येक प्रांताचं पंचांग वेगळं. मद्रासच्या आणि गुजरातच्या माणसाला एकाच सकाळी एकच गोष्ट करायला लावायची तर तारीखच हवी. तार आणि वर्तमानपत्र यांच्या जोरावर तारखेने देश जोडला. पण त्या १ मेची आज नागपुरात किती जणांना आठवण आहे? त्या तारखेवर १९६० मध्ये महाराष्ट्र दिन येऊन बसला आणि वेगळ्या विदर्भाची मागणी करणाऱ्यांनी तोच काळा दिवस म्हणून पाळायला घेतला. तारखेचा चौकोन लहान असतो. नवं आलं की जुनं खाली जातं.

या सव्वा महिन्यात २८ सप्टेंबर येतो. १९५३ साली त्या दिवशी नागपूर करार झाला. विदर्भाने मराठी राज्यात यावं, बदल्यात लोकसंख्येच्या प्रमाणात निधी आणि नोकऱ्या मिळाव्यात, वर्षातलं एक अधिवेशन नागपुरात व्हावं, असं त्यात ठरलं. दोनच वर्षांनी फाजल अली आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली. तरी १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि नागपूरचं राजधानीपण संपलं. विदर्भवादी कार्यकर्ते २८ सप्टेंबरला कराराच्या प्रतींची होळी करतात. विदर्भाच्या राहून गेलेल्या विकासाचं, अनुशेषाचं दुःख खरं आहे, आणि ज्यांनी त्यासाठी आयुष्य घातलं त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण हा दिवस चौकातून घरात शिरला नाही. त्या दिवशी कुणाच्या घरी वेगळं काही रांधलं जात नाही, कुणी लेकराला हात धरून कुठे नेत नाही. कराराला आठवण्यासाठी आधी करार वाचावा लागतो.

म्हणजे नुसत्या तारखेचे दिवस टिकतच नाहीत, असं मी बरीच वर्षं मानत होतो. ते मत मला बदलावं लागलं ते २३ नोव्हेंबरमुळे. १९९४ मध्ये त्या दिवशी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली. त्यात बाया आणि लहान मुलंही होती. सीताबर्डीजवळच्या स्मारकावर दरवर्षी लोक येतात. त्या दिवशी तिथी कोणती होती हे कुणी विचारत नाही. स्मारकाशी एक बाई हातातली फुलं ठेवून नुसती बसून राहिलेली मी पाहिली आहे. तिला कोणत्याही पंचांगाची गरज नव्हती. ज्याचं माणूस गेलं, त्याच्यासाठी तारीखही पुरते.

तिथी आणि तारीख या दोन्ही रीतींना एकत्र बांधलं ते बाबासाहेब आंबेडकरांनी. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात धर्मांतराची घोषणा केल्यानंतर ते २१ वर्षं विचार करत होते. दिवस निवडताना त्यांनी अशोक विजयादशमी निवडली. सम्राट अशोकाने याच दिवशी धम्म स्वीकारला, अशी धारणा आहे. वर्षही नेमकं होतं, बुद्धाच्या महापरिनिर्वाणाला अडीच हजार वर्षं झाल्याचं. २३ सप्टेंबर १९५६ च्या प्रसिद्धिपत्रकात त्यांनी कळवलं की १४ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, सकाळी ९ ते ११ च्या दरम्यान नागपुरात दीक्षा घेईन. तिथी, तारीख आणि घड्याळ, तिन्ही एकाच निमंत्रणात. ते पत्रक मी पुन्हा पुन्हा आठवतो. तिथीमुळे तो दिवस अडीच हजार वर्षं मागे जाऊन जोडला गेला. तारखेमुळे तो इतिहासात पक्का नोंदला गेला. वेळ दिल्यामुळे लाखो माणसांना सकाळीच मैदानावर पोचता आलं. महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून स्वतः दीक्षा घेतल्यावर बाबासाहेबांनी त्या समुदायाला २२ प्रतिज्ञा दिल्या. दुसऱ्या दिवशी सविस्तर भाषण केलं आणि १६ तारखेला चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला जाऊन तिथेही दीक्षा दिली.

यापुढचा भाग मला फार जवळचा वाटतो. नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा मुख्य सोहळा दसऱ्याला होतो, म्हणजे तिथीने. १४ ऑक्टोबरलाही माणसं येतात, पण महासागर लोटतो तो दसऱ्याला. चंद्रपूरचा धम्मचक्र अनुप्रवर्तन दिन मात्र दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला, तारखेने. एकाच प्रवासाचे दोन मुक्काम दोन पंचांगांत जाऊन बसले आहेत. सुमारे १९ वर्षांनी तिथी आणि तारीख फिरून जवळजवळ एका ठिकाणी येतात, पण मधल्या वर्षांत त्यांची चुकामूक चाललेली असते.

नागपूरचा दसरा दुसऱ्याही एका स्थापनेचा आहे. १९२५ च्या विजयादशमीला, २७ सप्टेंबरला, राष्ट्रीय स्वयंसेवक संघ सुरू झाला आणि त्याचाही उत्सव तिथीनेच होतो. एका सकाळी एक रस्ता रेशीमबागेकडे जातो आणि एक दीक्षाभूमीकडे. दोन्ही गर्दींचा अर्थ वेगळा आहे आणि तो वेगळाच राहू द्यावा. आपली निवड संघामुळे नव्हती, ती नाग लोकांच्या भूमीमुळे होती, असं बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबरच्या भाषणात सांगून ठेवलं आहे.

नागपूर-अमरावती रस्त्यावरच्या गुरुकुंज मोझरीतही हे दोन काळ एकत्र आलेले दिसतात. तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले. त्यांचा पुण्यतिथी महोत्सव आश्विन वद्य पंचमीच्या सुमाराला भरतो आणि मौन श्रद्धांजली मात्र ठीक ४ वाजून ५८ मिनिटांनी वाहिली जाते. दिवस चंद्राचा आणि मिनिट घड्याळाचं. खेड्यातून आलेल्या भाविकांना यात काही वेगळं वाटत नाही, आणि वाटायचं कारणही नाही.

२०२३ मध्ये अधिक श्रावण होता, त्यामुळे दसरा २४ ऑक्टोबरला आला. दीक्षाभूमीबाहेर पुस्तकांच्या रांगेत एक पांढऱ्या लुगड्यातली म्हातारी सतरंजीवर बसून पुढच्या वर्षाची दिनदर्शिका चाळत होती. चंद्रपूरजवळच्या मूल गावाकडची होती. पानांवर निळ्या शाईत दिवस छापलेले होते: १ जानेवारी भीमा कोरेगाव, २० मार्च चवदार तळं, १४ एप्रिल. ती बोटाने एकेक चौकोन दाबत होती, पण वाचता येत नसल्याने नातीला विचारत होती.

"आजी, चांद्याचा कार्यक्रम केला का?" मी विचारलं.

"केला ना भाऊ. सोळा तारखेले. आठ दिवस घरी रायलो अन् आता इकडं." मग जरा थांबून म्हणाली, "बाबासायब आधी इथं आले होते, मंग चांद्याले. यंदा आमीच उलटं आलो."

तिच्या आवाजात खंत होती. चाळीस रुपयांची दिनदर्शिका तिने नातीच्या हातात दिली आणि मला विचारलं, "पुढच्या साली दसरा कितीला हाय?"

मी फोनमध्ये पाहिलं. "बारा तारखेला."

तिने बोटांवर मोजलं. बारा, तेरा, चौदा, पंधरा.

"मंग बरोबर होते," ती म्हणाली. "आधी नागपूर, मंग चांदा."