चोथ्याचे मोल

वैशाखात आमच्या मुळगावच्या कुळागरात भिरंडे पिकतात. बियांचे भिरंडेल, सालींची सोले, थोड्या सालींत साखर घालून सरबत. सरबत गाळल्यावर राहिलेल्या साली माडाच्या आळ्यात टाकायच्या, ही घरची पिढीजात रीत.

त्या टाकाऊ सालीत गार्सिनॉल नावाचे द्रव्य असते. ते पाण्यात फारसे विरघळत नाही. रस गेला तरी ते बहुतांशी सालीतच राहते आणि योग्य द्रावक वापरून वेगळे काढता येते. जनुकांच्या कार्याचे नियमन करणाऱ्या एका विकराला हे द्रव्य अटकाव करते, असे बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी २००४ साली दाखविले. पुढे प्रयोगशाळेत वाढविलेल्या कर्करोगाच्या पेशींवरही त्याचा परिणाम तपासला गेला. कर्करोगावरील औषध म्हणून मात्र त्याला अद्याप मान्यता नाही.

असे एक कात्रण मी माझ्या थोरल्या चुलतभावास मोठ्या हौसेने वाचून दाखविले होते. आपल्या परसातल्या फळाचा अभिमान, दुसरे काय! पुढे त्याला तोच आजार निघाला. “औषध दारात असताना बांबोळीला कशाला जाऊ रे?” असे म्हणत त्याने दोन महिने सालींचा काढा घेतला. पाण्यातल्या त्या काढ्यात हे द्रव्य फारसे उतरलेही नसणार. शस्त्रक्रिया झाली, दादा वाचला. त्याने मला कधी बोल लावला नाही.

कात्रणातला ‘संभाव्य’ हा शब्द मी वाचताना गाळला होता. खोटे बोललो नव्हतो. पण अर्धे वाचणे हे खोटे बोलण्याहून किती वेगळे? सरकारी टिपणीत हाच शब्द आम्ही जबाबदारी टाळण्यासाठी घालीत असू. जिथे तो खरोखर हवा होता, तिथे मला तो अडगळ वाटला.

म्हणून अशा शोधांविषयी मौन पाळावे, असेही मला वाटत नाही. सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडात कॅम्प्टोथेसिन सापडते. त्यापासून टोपोटेकान, इरिनोटेकान ही कर्करोगावरची औषधे प्रत्यक्षात आली. पण त्या द्रव्यापायी नरक्याची झाडे बेसुमार तोडली गेली. सालींच्या चोथ्यासाठी एकही भिरंड तोडावे लागत नाही. हे संशोधन चालू राहावे. रुग्णाच्या खाटेपाशी त्याची बातमी नेणाऱ्याने ती पुरती न्यावी.

कात्रण अजून माझ्या फायलीत आहे. दादाने परवा ते मागून घेतले, चष्मा लावून सबंध वाचले आणि काही न बोलता परत दिले.