टेप सोबत ठेव

चि. छोटीस,


तुझं पत्र परवा मिळालं. पहिली नेमणूक स्थानिक निधी लेखापरीक्षेत आणि पहिलंच काम एका ब वर्ग नगरपरिषदेचं, हे वाचून मी आधी तुझ्या आईला फोन केला आणि मग पत्र पुन्हा वाचलं. ब वर्ग म्हणजे ४०,००० ते १ लाख वस्तीचं गाव. एक मुख्याधिकारी, एक लेखापाल, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके अभियंते आणि योजनागणिक वेगळं बँक खातं. तुम्हाला बसायला सभागृहाच्या कोपऱ्यात टेबल मिळेल, पहिल्या दिवशी चहा वेळेवर येईल, फाइली मात्र येणार नाहीत. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. मागणीपत्र लेखी दे आणि त्यावर पोच घे.

तू विचारलं आहेस, ‘अनुदानाच्या पैशात गडबड झाली हे ओळखायचं कसं?’

सुरुवात अनुदान नोंदवहीपासून कर. प्रत्येक रक्कम कोणत्या शासन निर्णयाने आली ते बघ आणि तो निर्णय मुळातून वाच, कारकून तोंडी सांगेल तेवढ्यावर थांबू नकोस. पंधराव्या वित्त आयोगाचंच घे. २०२१-२६ या काळासाठी तुझ्या नगरपरिषदेसारख्या शहरांच्या अनुदानातला ६० टक्के भाग बंधित ठेवला होता. त्यातला निम्मा पिण्याचं पाणी, पर्जन्यजल संधारण आणि पाण्याच्या पुनर्वापरासाठी, उरलेला निम्मा स्वच्छता आणि घनकचऱ्यासाठी. बाकीचे ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे वापरायची मुभा होती, पण पगार आणि आस्थापनेवर तेही खर्चायचे नव्हते. शिवाय मागच्या वर्षाचे तात्पुरते आणि त्याच्या आधल्या वर्षाचे लेखापरीक्षित हिशोब लोकांना बघता येतील असे ऑनलाइन ठेवल्याशिवाय पैसा मिळायचा नाही, अशी अट होती. म्हणजे तुझं काम रखडलं तर गावाचं पाणीही रखडू शकतं, हे ध्यानात ठेव.

आता खरी अडचण सांगते. छोट्या नगरपरिषदेत तुला चोरीपेक्षा उसनवारी जास्त दिसेल. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात गेली आणि त्यांच्या हातातलं रोजचं उत्पन्न गेलं. त्याबदल्यात सरकारकडून सहायक अनुदान येतं, पण ते पगाराला पुरतंच असं नाही. घरपट्टीची वसुली निवडणुकीच्या आधी थंडावते. मग पाणीपुरवठ्याच्या पंपांचं वीजबिल थकतं, जोडणी तोडण्याची नोटीस येते, आणि मुख्याधिकारी बंधित खात्यातून ‘तात्पुरते’ पैसे उचलतो. मार्चअखेर परत भरू म्हणतो, आणि मार्चअखेरीला आणखी एक बिल उभं असतं. अशा माणसाला मी चोर म्हणणार नाही. त्याच्या जागी बसले असते तर मीही गांगरले असते. तरीही आक्षेप लिहायचाच. ज्या गल्लीतली जलवाहिनी त्या पैशातून बदलायची होती, त्या गल्लीतलं कोणी तुझ्या टेबलासमोर बसलेलं नसतं. त्यांच्या वतीने बोलायला तिथे तूच असतेस.

व्याजही विसरू नकोस. पडून राहिलेल्या अनुदानावरचं व्याज बऱ्याच ठिकाणी नगरपरिषदेचं उत्पन्न म्हणून दाखवतात. केंद्राच्या अनुदानावरचं व्याज हिशोब अंतिम झाल्यावर भारताच्या संचित निधीत भरायचं असतं, असं सामान्य वित्तीय नियम, २०१७ स्पष्ट सांगतात.

आणि उपयोगिता प्रमाणपत्र. या एका कागदावर वरच्या कार्यालयाचा फार विश्वास असतो. वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांत ते द्यायचं, म्हणून घाई होते. मग पाणी योजनेचे पैसे काम करणाऱ्या यंत्रणेकडे वर्ग केले, की त्याच दिवशी ते ‘खर्च झाले’ असं प्रमाणपत्र निघतं. खोदकाम सुरू झालेलं नसतं, पाइप आलेले नसतात, पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेलेला असतो, एवढंच. त्या यंत्रणेकडून प्रत्यक्ष खर्चाचा हिशोब मागव आणि प्रमाणपत्राशेजारी ठेवून बघ.

आता एक गोष्ट सांगते, जी मी तुझ्या आईलाही पूर्ण सांगितलेली नाही.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीची वर्षं. एका नगरपरिषदेत दलित वस्तीतल्या गटाराची फाइल माझ्याकडे होती. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, सगळं क्रमाने लावलेलं. मोजमाप पुस्तिकेत लांबी १२० मीटर, खाडाखोड नाही, वरिष्ठाची तपासणीची सही, सोबत फोटो. मी हिरव्या शाईने खूण केली आणि फाइल मिटली. संध्याकाळी एस.टी. स्टँडकडे जाताना जवळचा रस्ता म्हणून त्याच वस्तीतून निघाले. एक बाई दारात भांडी घासत होती. राखेचं काळं पाणी तिच्या उंबऱ्याजवळ साचलं होतं आणि तिने ते अडवायला विटांचे दोन तुकडे लावले होते. माझ्या खांद्यावरची फाइलींची पिशवी बघून ती म्हणाली, ‘नगरपालिकेच्या का? गटार आमच्यापर्यंत कधी आणता?’

मी त्या दिवशीची एस.टी. सोडली. सकाळी अभियंत्याला बरोबर घेतलं, टेप धरायला शिपाई घेतला आणि गटाराच्या तोंडापासून मोजत निघालो. ८४ मीटरवर सिमेंट संपलं. पुढे फावड्याने ओढलेली चर होती, आणि तिच्या शेवटी ते विटांचे तुकडे. अभियंता काहीच बोलला नाही. शिपायाने टेप गुंडाळली आणि मी तिथेच उभ्या उभ्या अर्धसमास पत्र लिहिलं: पानाच्या अर्ध्या भागात माझी शंका, अर्धा भाग त्यांच्या उत्तरासाठी कोरा. उत्तर यायला सात महिने लागले. वसुलीचा परिच्छेद अहवालात गेला आणि ३६ मीटरचे पैसे भरले गेले, तोवर माझी दोनदा बदली झाली होती. माझी हिरवी खूण मात्र त्या फाइलीवर तशीच असणार. ती बाई दारात नसती तर ती खूण खरी ठरली असती, ही गोष्ट मला अजून सलते.

तेव्हापासून मी बदलले. कागद बघायचे, पण तारखा शेजारी शेजारी ठेवून. कार्यारंभ आदेश आणि पहिलं मोजमाप यांत चारच दिवस असतील, तर तेवढ्यात काँक्रीटचा रस्ता होत नाही. एकाच रस्त्याचे तीन तुकडे करून तीन अंदाजपत्रकं केलेली असतील आणि तिन्ही ई-निविदेच्या मर्यादेच्या जेमतेम आत असतील, तर तिन्ही फाइली एकाच वेळी उघड. दोन कामांच्या फोटोंत तेच झाड, तेच कुंपण दिसतंय का, बघ. आणि निदान काही कामं पायी जाऊन बघ. सगळी बघणं जमणार नाही. कोणती बघायची ते तू निवड, त्यांना निवडू देऊ नकोस, आणि आदल्या दिवशी कळवू नकोस.

कधी एकटं वाटेल. तेव्हा महात्मा फुल्यांना आठव. पुणे नगरपालिकेचे ते सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून स्वागतावर एक हजार रुपये खर्चायचा प्रस्ताव आला, तेव्हा हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा म्हणून त्यांनी विरोध केला, आणि सभेत तसं म्हणणारे ते एकटेच होते.

आक्षेप लिहिताना भाषा साधी ठेव. किती रुपये, कोणत्या प्रमाणकाने, कोणत्या अटीच्या विरुद्ध, एवढंच. विशेषणं लिहू नकोस, ती आक्षेपाचा जोर घालवतात. आणि मागच्या अहवालांतले प्रलंबित परिच्छेद वाचल्याशिवाय नवा अहवाल सुरू करू नकोस. त्यांत कोणाची तरी ३६ मीटरची गटारं अडकलेली असतात.

या पत्राबरोबर माझी ३० मीटरची टेप पाठवते आहे. पहिल्या काही सेंटिमीटरवरचे आकडे पुसले गेलेत, म्हणून १ मीटरच्या खुणेपासून धर आणि शेवटी १ मीटर वजा कर. चिखलात वापरलीस तर त्याच दिवशी पुसून ठेव, नाहीतर गुंडाळताना अडते.

तुझी,
मावशी