सड्यावरचा आवाज कुणाचा?

राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, कोरलेला हत्ती सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद आहे. उभ्या माणसाच्या नजरेत तो एकदम मावत नाही. जांभ्या कातळात खोदलेली रेषा धरून चालावं लागतं. मग सोंड कुठे संपली, पाय कुठे सुरू झाले हे हळूहळू उलगडतं. या मोठ्या आकृतीच्या पोटात आणखी कितीतरी लहान आकृत्या कोरलेल्या आहेत. भर दुपारी गेलात तर पायाखाली नुसता कातळ दिसेल. ऊन तिरपं झालं की खाचेत सावली भरते आणि रेषा ठळक होते.

अशा जागी फलक लावून फारसं काही साधत नाही. फलक एका ठिकाणी उभा असतो आणि चित्र पायाखाली पसरलेलं असतं. फोनचा पडदा उन्हात वाचता येत नाही. बघणाऱ्याचे डोळे जमिनीवर हवेत आणि पाय चालते हवेत. म्हणून ‘आता डावीकडे वळा, पाठीवर ऊन घेऊन उभे राहा, पाऊल रेषेवर पडू देऊ नका’ असं कानात सांगणारा आवाज इथे खरोखर उपयोगाचा आहे. ऑडिओ गाइड संग्रहालयाच्या दालनात जन्मला. अ‍ॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयाने 1952 मध्ये त्याचा पहिला प्रयोग केला. आपल्याकडे केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने 2019 मध्ये मोठ्या, नामांकित स्थळांसाठी असे मार्गदर्शक आणले. पण माझ्या मते या माध्यमाची खरी गरज कोकणातल्या वाडीवस्तीला आहे.

2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणातली कातळशिल्पं आली. त्यात रत्नागिरी जिल्ह्यातली उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसाईमळ अशी नऊ ठिकाणं आहेत. यादीत नाव आलं की रस्ते येतात, गाड्या येतात, माहितीपटवाले येतात. ऑडिओ गाइडही येईल, त्याबद्दल मला शंका नाही. प्रश्न आहे तो त्यात कोण बोलणार याचा.

सोपा मार्ग ठरलेला आहे. शहरातल्या एखाद्या स्टुडिओत, कसलेल्या निवेदकाच्या आवाजात, मागे बासरी लावून प्रमाण मराठीत मजकूर वाचून घ्यायचा. तो ऐकताना पाहुण्याला वाटेल की हा सडा निर्मनुष्य आहे आणि ही चित्रं कुणीतरी बाहेरून येऊन शोधून काढली. वस्तुस्थिती वेगळी आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी कातळशिल्पांच्या शोधात रत्नागिरी-राजापूरचे सडे पालथे घातले, तेव्हा त्यांचा मोठा आधार गावातली माणसं होती. गुराख्यांना विचारलं, म्हाताऱ्यांना विचारलं, शाळेतल्या मुलांना विचारलं. फणसाईमळची शिल्पंही 1993 मध्ये पुरातत्त्व खात्याला स्थानिक लोकांनीच दाखवली. सड्यावर गुरं नेणाऱ्यांना ती कायमच ठाऊक होती. ज्यांनी वाट दाखवली त्यांचाच आवाज गाळून तयार केलेली ध्वनिफीत मला अन्यायाची वाटते.

यावर अभ्यासकांचा एक आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गावात विचाराल तर ही चित्रं पांडवांनी एका रात्रीत काढली असं कुणी सांगेल, कुणी त्यांना बाहुल्या म्हणेल. हे इतिहास म्हणून पाहुण्यांच्या कानात ओतायचं का? मुळीच नाही. पण तज्ज्ञांकडे तरी सगळी उत्तरं आहेत का? शिल्पांच्या वयाबद्दलच्या अंदाजांत हजारो वर्षांचा फरक पडतो. आज कोकणात नसलेला गेंड्यासारखा प्राणी इथे कोरलेला दिसतो, तो कोरणाऱ्यांनी कुठे पाहिला? बारसूला दोन वाघांच्या मधोमध उभा असलेला माणूस कोण? देव, शिकारी की पूर्वज? चांगल्या मार्गदर्शकाने हे प्रश्न मिटवून टाकू नयेत. पुरातत्त्वज्ञ काय मानतात आणि कशाच्या आधारावर मानतात ते त्यांच्या आवाजात ऐकवावं. गावात काय सांगितलं जातं ते गावाच्या आवाजात, संगमेश्वरी किंवा मालवणी बोलीत ऐकवावं. दोन आवाज वेगळे ओळखू आले की ऐकणाऱ्याची फसगत होत नाही. पांडवांची कथा शिल्पांचं वय सांगत नाही, पण ही चित्रं शेकडो पावसाळे का टिकली याचं एक उत्तर तिच्यात असू शकतं. जे पांडवांचं आहे त्यावर सहसा कुणी पहार चालवत नाही.

पहार चालवण्याची भीती काल्पनिक नाही. जांभा हा कोकणातल्या घरांचा दगड. चिरेखाणी याच सड्यांवर चालतात. बऱ्याच जागा खाजगी मालकीच्या आहेत आणि चिऱ्याला रोख भाव आहे. उक्षीला गावकऱ्यांनी पुढाकार घेऊन हत्तीच्या चित्राभोवती गोलाकार भिंत घातली. हे गावांनीच करायचं असेल, तर गावाच्या पदरात काही पडायला हवं. ध्वनिफितीसाठी आकारलेलं शुल्क ग्रामपंचायतीकडे आणि जमीनमालकाकडे गेलं पाहिजे. सोबत चालणारा गावातला मुलगा असेल तर फीत बंद ठेवून त्यालाच पैसे द्यावेत, असं फितीनेच सुरुवातीला सांगावं. सड्यावर फोनला रेंज नसते, म्हणून ती एसटी थांब्यावर किंवा ग्रामपंचायतीत आधीच उतरवून घेता यावी. खाचांत खडू किंवा रांगोळी भरून फोटो काढू नका, चपला घालून आकृतीवर फिरू नका, हे पहिल्याच मिनिटाला यावं.

गावाच्या आवाजाचं आणखी एक मोल आहे, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. बारसूच्या सड्यावर 2023 मध्ये तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झालं, तेव्हा माणसं, बायाबापड्या रणरणत्या उन्हात तिथे जाऊन बसल्या, पोलिसांनी त्यांना हटवलं, काहींना अटक झाली. प्रकल्पाच्या बाजूचेही लोक त्या भागात होते. सरकारी खर्चाने तयार झालेल्या ध्वनिफितीत यातलं अक्षरही येण्याची शक्यता कमी. गावातला माणूस बोलला तर तो वाघांमधला माणूस दाखवता दाखवता हेही सांगेल, कारण त्याच्या लेखी तो एकच सडा आहे. गुरं चरतात, पावसाळ्यात रानफुलं येतात, देवाची पालखी फिरते, मोर्चा निघतो आणि शिल्पंही तिथेच आहेत. वाडीचा वारसा असा एकत्र नांदतो. त्यातून फक्त प्राचीन तेवढं कापून काढलं तर पाहुण्याला चित्रं दिसतील, गाव दिसणार नाही.

हे काम सरकारी निविदेची वाट पाहत बसण्याचं नाही, कारण ज्यांना सड्यांची जुनी नावं, वाटा, गोष्टी माहीत आहेत ती माणसं ऐंशीच्या घरात आहेत. मुंबई-पुण्याहून शिमग्याला आणि गणपतीला गावी जाणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात आज ध्वनिमुद्रण करणारा फोन आहे. या वर्षी जाल तेव्हा आजीला किंवा शेजारच्या आजोबांना सड्याबद्दल विचारा आणि ते बोलतील तसं, त्यांच्याच बोलीत, मध्ये न टोकता मुद्रित करा. सुरुवातीला बोलणाऱ्याचं नाव, वाडी आणि तारीख सांगा, त्यांची परवानगी घ्या, आणि एक प्रत गावच्या शाळेत ठेवा.