चढणीचा मासा



मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की माथेरानच्या डोंगरातून येणारी आपली गाढी नदी एका रात्रीत लाल होते. त्या नव्या पाण्याच्या ओढीने मासे प्रवाहाविरुद्ध वर चढू लागतात; ओहोळांतून थेट भातखाचरांत शिरतात. यालाच आपण वलगण म्हणतो. त्या दिवशी नेऱ्याच्या आसपास घरात कोण बसतो? कातकरी, ठाकूर, आगरी, ख्रिस्ती, सगळेच पाण्यात!

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आम्हीही तरुण मुलांबरोबर गेलो. नदीला मिळणाऱ्या एका ओहोळावर आम्ही या काठापासून त्या काठापर्यंत जाळे आडवे बांधले. दुपारपर्यंत दोन बादल्या भरल्या. हसणे, ओरडणे, चिखलात घसरून पडणे, फार आनंदाचा दिवस होता तो. संध्याकाळी मासळी साफ करायला घेतली तेव्हा जवळपास प्रत्येक पोटात गाबोळी निघाली. शेजाऱ्यांना वाटून झाले, खाऊन झाले, तरी बरेच उरले. वीज गेली होती. दुसऱ्या दिवशी उरलेले मासे खड्ड्यात पुरावे लागले.

पुढच्या रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात एका लहान मुलाने विचारले, "फादर, अंडी घालायला चाललेला मासा मारणे पाप आहे का?" सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, परीक्षाही दिल्या, पण त्या क्षणी उत्तर सुचले नाही. आज ते देण्याचा प्रयत्न करतो.

मासे धरणे हे पाप नाही, हे आधी स्पष्ट म्हटले पाहिजे. संत पेत्र कोळीच होता. पुनरुत्थित प्रभूने शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला आणि तिबिर्या सरोवराच्या काठी त्यांच्यासाठी स्वतः निखाऱ्यांवर मासे ठेवले. शिवाय ज्या कातकरी कुटुंबाची चूल पावसाळ्यात नदीवर अवलंबून असते, त्याला दयेचे धडे देण्याचा अधिकार भरल्या पोटाच्या माणसाला नाही.

तरीही मुलाचा प्रश्न उरतोच. अनुवाद या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात एक छोटीशी आज्ञा आहे. वाटेत पक्ष्याचे घरटे सापडले आणि आई अंड्यांवर किंवा पिलांवर बसलेली असली, तर पिले घ्यावीत, पण आईला जाऊ द्यावे. संत थॉमस अक्वायनस अशा नियमांविषयी सांगतात की प्राण्यांवर दया करण्याची सवय लागली की माणूस माणसावरही दया करू लागतो. हे खरेच आहे. पण त्या आज्ञेत आणखी एक गोष्ट आहे, जी आमच्याही फार उशिरा लक्षात आली. ती पाळणाऱ्याला देव कल्याणाचे आणि दीर्घायुष्याचे वचन देतो. हेच वचन चौथ्या आज्ञेतही आहे, आईबापांचा मान राखणाऱ्याला. एकीकडे आईबाप, दुसरीकडे रानातले पाखरू, आणि वचन एकच! जिथून जीवन येते, तो झरा बुजवू नका, एवढेच दोन्ही आज्ञा सांगतात. फळ घ्या, मूळ राखा.

कोणी म्हणेल, "फादर, आम्ही सोडले तर पुढचा धरेल. वर धरणाची भिंत आहे, खाली शहराचे सांडपाणी आहे. आमच्या एका जाळ्याने काय बिघडते?" ही तक्रार खोटी नाही. पण दुसऱ्याच्या मोठ्या दोषाने आपला लहान दोष पुसला जात नाही. कन्फेशनला आपण शेजाऱ्याची पापे सांगत नाही.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर स्टीलहेड नावाचा मासा आहे. तो नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला बहुधा आपल्या जन्माच्या नदीत परततो. तिथे अनेक नद्यांवर नियम आहे, की पैदास केंद्रातला, पाठीवरचा छोटा पर कापून खूण केलेला मासा घरी न्यावा, नैसर्गिक मासा परत सोडावा. नियम चांगला आहे. तरी मनात येते, केवळ मौजेसाठी गळ टोचायचा आणि मग सोडून द्यायचे, याला दया म्हणावे का? भुकेपोटी मासा धरून खाणारा कातकरी आम्हाला अधिक सरळ वाटतो. म्हणजे मासा सोडला की धरला, एवढ्यावर निर्णय होत नाही. गरज किती होती आणि मागे वाट किती मोकळी ठेवली, हे पाहावे लागते.

आपल्या कोळी बांधवांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी समुद्रात न घालण्याची त्यांची रीत आहे. आज शासनही जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी करते. नदीत विष किंवा सुरुंग वापरून मासे मारणे तर 1897 च्या कायद्यापासूनच गुन्हा आहे.

तेव्हा त्या मुलाला आमचे उत्तर असे: बाळा, मासा धरणे पाप नव्हते. पण दोन्ही काठ अडवून आम्ही एकालाही वर जाऊ दिले नाही, हा लोभ होता. जे खड्ड्यात पुरले, ते कुणा भुकेल्याचे होते आणि पुढच्या वर्षीच्या नदीचेही होते. पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभूने उरलेले तुकडे गोळा करायला लावले, काही वाया जाऊ नये म्हणून. आम्ही ते विसरलो. चूक आमची, तुम्हा मुलांची नव्हे.

येत्या वलगणीला आम्ही पुन्हा येऊ, पण निम्मा ओहोळ मोकळा सोडू. पोटापुरते मिळाले की जाळे गुंडाळू. आपणही तसेच करावे, ही विनंती. आणि उरलेल्या वाटेने जे मासे वर जातील, त्यांना जाताना काठावर उभे राहून जरा पाहू या. त्यांच्या निर्मात्याची स्तुती करायला तेवढे पुरे आहे.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला धर्मगुरू