टाकलेलं फुप्फुस

सावकाश वाचा. घाई असेल तर रात्री वाचलंत तरी चालेल.

कत्तलखान्यातला आकडा डोळ्यांपुढे आणा. त्याला मेंढीची कलेजी, हृदय नि फुप्फुसं लटकलेली आहेत. पशुवैद्य आधी नुसतं बघतो, मग फुप्फुस बोटांनी दाबत जातो. निरोगी फुप्फुस मऊ, हलकं लागतं. एका जागी बोटं अडतात. आत काहीतरी टणक, गोल आहे.

तुम्हीही तिथंच थांबा. चिरल्यावर स्वच्छ पाणी येतं, आत पांढरट पापुद्रा दिसतो. ही हायडॅटिडची गाठ. मेंढी आपल्या पायांनी चालत आली होती, कदाचित खोकलीही नसेल. गाठ वर्षानुवर्षं वाढते आणि मेंढपाळाला सहसा पत्ता लागत नाही.

आता मागे, कुरणाकडे चला. कुत्र्याच्या विष्ठेतली, डोळ्यांना न दिसणारी अंडी गवताला चिकटली आहेत. मेंढी ती गवताबरोबर गिळते. आतड्यात अळी बाहेर पडते, रक्तात शिरते, यकृतातून निसटली तर फुप्फुसात अडकते. कुत्र्याच्या आतड्यातला मूळ पट्टकृमी जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा. मेंढीतली गाठ पुन्हा कुत्र्याच्या पोटात गेली, तरच त्याचं चक्र पुरं होतं.

म्हणजे हे फुप्फुस पुढं कुठं जातं, तिकडं लक्ष न्या. तपासणीत सापडलं तर ते बाजूला काढून नष्ट करायचं असतं. पण घरामागे, जत्रेत, धनगराच्या वाड्यावर मेंढरू कापलं की नको असलेलं कुत्र्यापुढं पडतं. राखण करणाऱ्याचा वाटाच तो, त्यात मायाही असते. ती माया जराही कमी लेखू नका. तरी त्याच कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवून तसाच तोंडात घालणाऱ्या पोराच्या फुप्फुसातही अशीच गाठ धरू शकते.

1863 मध्ये हाराल्ड क्राबे हे डॅनिश शास्त्रज्ञ आइसलंडला गेले. त्यांनी तपासलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे 28 टक्क्यांत हा कृमी निघाला. मग त्यांनी साध्या भाषेत एक पुस्तिका लिहिली, ती घरोघर वाटली गेली. 1869 मध्ये कायदाही आला. विसाव्या शतकात आइसलंडनं हा रोग हद्दपार केला.

मला त्यातली पुस्तिका जास्त मोलाची वाटते. पशुवैद्याच्या बोटांना कळलेलं मेंढपाळाच्या कानी गेलं नाही, तर तपासणी अर्धीच राहते. म्हणून गाठ सापडली की आधी विचारावं : हे मेंढरू कुठल्या वाड्यावरचं, आणि तिथल्या कुत्र्यांना जंताचं औषध कधी दिलंय?